लोखंडी नांगराचे कारखानदार

सांगलीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक आहे. १९१० पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड असे होते. त्या काळी स्थानकाबाहेर दृष्टी टाकली, तर उजाड माळ आणि त्यावर माजलेले निवडुंग यांवाचून दुसरे काही दिसत नसे. सापांचा तेथे सुळसुळाट होता. अशा या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी शेतीच्या अवजारांचा कारखाना उभारला आणि त्याभोवती एक नवे गाव वसविले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हाच त्यांचा छंद. वडील बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने ते मुंबईस गेले आणि तेथील कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. परंतु काही काळाने असे आढळून आले, की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही. चित्रकार होण्याची आशा मावळली. दुसरा एखादा निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग बाजूस ठेवले आणि ज्यात रेषांचेच काम असते, अशी यंत्रांची आरेखने काढण्याची विद्या हस्तगत केली.

या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईतील एका तंत्रशाळेत शिक्षकाची जागा मिळाली. शिकविण्याचे काम आटोपले, की ते यंत्रांवरील पुस्तके वाचीत आणि यंत्रे चालविण्यात हात मुरवीत. पुढे बढतीची त्यांची पाळी आली असता ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. ज्या ठिकाणी गुणांपेक्षा वंशाला अधिक मान आहे, तेथे राहणे त्यांच्या स्वाभिमानास रुचले नाही. नोकरीचा त्याग करून ते बेळगावास आले. तेथे रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले आणि जोडीला एक लहानसा कारखाना काढला.

आपल्या देशात त्या काळी बहुसंख्य लोक शेतीवर जगत होते. तेव्हा शेतकऱ्याचे कष्ट ज्याने हलके होतील असेच यंत्र करावयाचे, हे त्यांनी मनाशी ठरविले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन मातीची ढेकळे उलथून टाकतो. त्यामुळे हरळीसारख्या चिवट तणांची मुळे उघडी पडतात व उन्हाने वाळून जातात. असे नांगर त्या काळी परदेशांतून येत. ते येथेच घडवावेत असे लक्ष्मणरावांनी मनावर घेतले. नांगर तयार झाले; पण घेणार कोण? लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली! लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना दोष दिला नाही. ते धीर धरून काम करीत राहिले. नांगराचे काम डोळ्यांनी पाहिल्यावर लोकांची भीती हळूहळू मावळली.

धंद्यास थोडे बरे दिवस येतात न येतात, तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे न्यावीत कोठे, हा मोठाच प्रश्न पडला. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास धावून आले. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपल्या सोबत्यांसह त्या माळावर आले. निवडुंग तोडून जागा मोकळी झाली, घरे व कारखान्याच्या छपऱ्या उभ्या राहिल्या आणि भट्टी पेटली.

सोबती निवडताना लक्ष्मणरावांनी पदव्या पाहिल्या नाहीत. माणसाची आवड व सचोटी पाहिली. शाळेत मागे पडलेले तरुण त्यांच्या हाताखाली कुशल कारागीर झाले. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यतेला त्यांच्या वसाहतीत थारा नव्हता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येईनासा झाल्याने देशी नांगरांना मागणी वाढली. परंतु त्याच कारणाने लोखंड व कोळसा यांची टंचाई पडली. भट्टी थंड पडते की काय, अशी वेळ आली. तेव्हा दगडी कोळशाऐवजी लाकडाचा कोळसा वापरण्यात आला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निकामी झालेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून त्यांच्या लोखंडाचे नांगर ओतण्यात आले. रणांगणासाठी घडलेले लोखंड शेतात राबू लागले.

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी स्थापन झाली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि त्यांनी पुढे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचाही उद्योग उभारला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

देश परक्यांच्या सत्तेखाली असताना येथील शेतकऱ्याच्या हातात येथेच घडलेले अवजार देणे, हीच लक्ष्मणरावांची देशसेवा होती. ज्या माळावर एके काळी केवळ निवडुंग वाढत होते, तेथून निघालेल्या नांगरांनी कितीतरी शेते पिकविली.