विल्यम कोली

विल्यम ब्रॅडली कोली (१२ जानेवारी, १८६२ - १६ एप्रिल, १९३६) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. जंतूंच्या साहाय्याने शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागी करण्याच्या प्रयोगांमुळे त्यांना कर्करोगावरील इम्युनोथेरपीचे जनक मानले जाते.

जीवन व प्रयोग

कोली यांचा जन्म कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे झाला. येल विद्यापीठातील पदवीनंतर १८८८ मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते न्यू यॉर्कमध्ये काम करू लागले. जानेवारी १८९१ मध्ये त्यांची एक तरुण रुग्ण हात कापूनही सार्कोमाने दगावली. त्यानंतर त्यांनी रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. एका रुग्णाच्या मानेवरील सार्कोमा धावरे (विसर्प) झाल्यावर नाहीसा झाल्याची नोंद त्यांना आढळली. कोली यांनी त्या माणसाला शहरातील वस्त्यांत शोधून काढले. काही वर्षांनंतरही तो निरोगी होता.

त्याच वर्षी त्यांनी एका रुग्णाला जिवंत स्ट्रेप्टोकॉकस जंतू टोचले. तीव्र धावरे उठले आणि गाठ विरत गेली. मात्र पुढे काही रुग्ण या संसर्गानेच मरण पावल्याने १८९३ पासून ते उष्णतेने मारलेले जंतू वापरू लागले. त्यात सेराशिया मार्सेसेन्स या जंतूचीही भर घातलेली असे. हेच मिश्रण ‘कोलीचे विष’ म्हणून ओळखले जाते.

टीका

मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग हे किरणोपचारांचे पुरस्कर्ते व कोली यांचे कडवे विरोधक होते. टीका सर्वस्वी निराधार नव्हती: मिश्रणाची तीव्रता दर वेळी बदले आणि रुग्णांच्या नोंदीही विस्कळीत होत्या. शिवाय कर्करोग जंतुजन्य असल्याची कोली यांची समजूत चुकीची ठरली.

नंतरचे संशोधन

त्यांची कन्या हेलन कोली नॉट्स यांनी या जुन्या नोंदी संकलित केल्या व १९५३ मध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या स्थापनेत पुढाकार घेतला. जंतूंच्या घटकांमुळे शरीरात तयार होणाऱ्या आणि गाठींचा नाश घडवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाचे वर्णन लॉइड ओल्ड व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये केले. टीएनएफ पेशीला दोन वाटांनी मारू शकते. अॅपॉप्टोसिसमध्ये पेशी बहुधा गाजावाजा न करता आटोपते; नेक्रॉप्टोसिसमध्ये ती फुटून तिच्यातील द्रव्ये बाहेर पडतात आणि प्रतिकारपेशी सावध होतात. काही औषधांमुळे अॅपॉप्टोसिसही असा इशारा देणारा ठरतो. ज्या गाठींतील पेशी टीएनएफच्या मृत्युसंदेशाला दाद देत नाहीत, त्या टी-पेशींच्या हल्ल्यातूनही निसटू शकतात. म्हणूनच इम्युनोथेरपीला कोणता रुग्ण प्रतिसाद देईल, या आजच्या संशोधनात पेशीमृत्यूच्या वाटांना महत्त्व आहे.