क्रमाचे पाठ देणारे भास्कराचार्य

फळ्यावर ८ + ४ × ३ एवढेच लिहून उत्तर विचारले, तर वर्गात दोन तट पडतात. काही जण ३६ म्हणतात, काही २० म्हणतात. ज्यांनी ३६ काढले त्यांची बेरीज चुकलेली नसते आणि गुणाकारही चुकलेला नसतो. चुकलेला असतो तो केवळ क्रम. आता हेच उदाहरण घेऊन मंगळबाजारातील एखाद्या दुकानात जा. आठ रुपयांची एक वही आणि तीन-तीन रुपयांच्या चार पेन्सिली घेतल्या, तर दुकानदार वीस रुपयेच मागेल. त्याने छत्तीस मागितले, तर आपण त्याच्याशी भांडू. वहीत जे आपल्या ध्यानात येत नाही ते दुकानात चटकन येते: चार पेन्सिलींची किंमत आधी ठरल्यावाचून ती वहीच्या किमतीत मिळविता येत नाही.

कृती अचूक येणे हे गणिताचे अर्धेच ज्ञान होय. कोणती कृती आधी आणि कोणती मागाहून, हे कळणे हे उरलेले अर्धे. हे दुसरे अर्धे ज्यांनी इतक्या सुबोध रीतीने शिकविले की कित्येक शतके त्यांचाच ग्रंथ पाठशाळांतून चालत राहिला, त्या भास्कराचार्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. आपला जन्मशक त्यांनी स्वतःच ग्रंथात नमूद करून ठेविला आहे. प्राचीन ग्रंथकारांच्या बाबतीत अशी निश्चिती क्वचितच लाभते. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडवीड हे त्यांचे गाव, शांडिल्य हे गोत्र आणि महेश्वर हे वडिलांचे नाव. हे घराणे पिढीजात विद्वानांचे. पूर्वजांपैकी एकास भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. महेश्वर हे स्वतः ज्योतिषी असून तेच मुलाचे गुरू झाले. घरातच गुरू, घरातच ग्रंथ आणि घरातच आकाशाचे निरीक्षण, अशा वातावरणात भास्करांची बुद्धी घडली.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा महाग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, गणिताध्याय आणि गोलाध्याय. पहिल्या भागात अंकगणित, दुसऱ्यात अव्यक्त राशींचे गणित आणि शेवटच्या दोहोंत ग्रह व गोल यांचा विचार. म्हणजे ज्याला ग्रहांची गती मोजावयाची आहे, त्याने आधी साधी बेरीज-वजाबाकी पक्की करावी, असा ह्या रचनेचा भावार्थ आहे. ग्रंथाच्या मांडणीतच क्रमाचा पहिला पाठ सामावलेला आहे.

लीलावती उघडली की आरंभी परिभाषा येते: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. त्यामागून वजने व मापे, मग एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने आणि मग आठ परिकर्मे: संकलन, व्यवकलन, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ. त्यानंतर हीच आठ परिकर्मे अपूर्णांकांस व शून्यास लावून दाखविली आहेत. एक पायरी चढल्याखेरीज दुसरीवर पाय ठेवता येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भास्कराचार्यांच्या काळी आपल्यासारखी अधिक, गुणिले, बरोबर ही चिन्हे नव्हती आणि कंसही नव्हते. ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब देत, एवढीच खूण. अधिक-उणे ही चिन्हे युरोपातील छापील पुस्तकांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस आली आणि बरोबरचे चिन्ह १५५७ साली. मग कोणती कृती आधी करावयाची हे शिष्यास कसे कळे? ते वाक्यातूनच कळे. श्लोकात संख्येला आधी तिपटीने गुणले असे म्हटले की आधी गुणावयाचे, मग मिळविले असे म्हटले की मग मिळवावयाचे. कृती ज्या क्रमाने कानावर पडत, त्याच क्रमाने त्या पाटीवर उतरत. पुढे चिन्हे आली, सारे उदाहरण एका ओळीत मावू लागले आणि बोलण्यातला हा क्रम दिसेनासा झाला. म्हणूनच कंस आधी, मग गुणाकार-भागाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी, असा संकेत साऱ्या जगाला मान्य करावा लागला.

त्रैराशिकातही आचार्यांनी क्रम सांगून ठेविला आहे: आधी गुणावे, मग भागावे. तीन मीटर कापडास पन्नास रुपये पडतात, तर बारा मीटरांस किती? आधी पन्नासास तिनाने भागले तर १६.६६६... अशी कधीही न संपणारी शेपटी हाती येते. आधी पन्नासास बाराने गुणून सहाशे केले आणि मग तिनाने भागले, तर नेमके दोनशे मिळतात. दोन्ही वाटा मुळात खऱ्या आहेत. परंतु एक काट्याकुट्यांची आणि दुसरी सरळ.

क्रमाची खरी परीक्षा व्यस्तविधीत होते. येथे उत्तर दिलेले असते आणि मूळ संख्या शोधावयाची असते. लीलावतीतील ह्या प्रकरणाचे एक उदाहरण आपल्या भाषेत असे मांडता येईल. एका संख्येस ३ ने गुणले. आलेल्या गुणाकारात त्याचाच तीन चतुर्थांश मिळविला. बेरजेस ७ ने भागले. भागाकारातून त्याचाच एक तृतीयांश वजा केला. उरलेल्या संख्येचा वर्ग केला, त्यातून ५२ उणे केले, वर्गमूळ काढले, त्यात ८ मिळविले आणि १० ने भागले, तेव्हा २ आले. तर मूळ संख्या कोणती?

आचार्यांची रीत अशी की शेवटच्या कृतीपासून उलटे निघावे आणि प्रत्येक कृतीही उलटी करावी. २ ला १० ने गुणून २०, त्यातून ८ वजा करून १२, वर्ग १४४, त्यात ५२ मिळवून १९६, वर्गमूळ १४. ज्यातून तिसरा हिस्सा गेला आहे, त्यात आता राहिलेल्याचा निम्मा मिळवावयाचा, म्हणून २१. त्यास ७ ने गुणून १४७. ज्यात तीन चतुर्थांश मिळाले होते, त्यातून आता तीन सप्तमांश काढावयाचे, म्हणून ८४. त्यास ३ ने भागून २८. हीच मूळ संख्या. आता २८ पासून सुलट चालून पाहा, बरोबर २ वर याल. मधली एक पायरी जरी मागेपुढे झाली, तरी घर सापडत नाही. अंगरखा आधी आणि त्यावर कोट घातला असेल, तर काढताना कोट आधी काढावा लागतो, हाच तो नियम.

मोठ्या माणसाच्या चरित्रात त्याच्या मर्यादाही सांगाव्यात. शून्याने गुणिलेल्या संख्येवर पुढे शून्याने भागण्याची कृती शिल्लक असेल, तर तो गुणाकार लगेच करू नये, संख्या तशीच राखून ठेवावी, असे आचार्यांनी सांगितले आहे. कृती कोठे थांबवून धरावी, ह्याचा इतका बारकाईने विचार त्या काळी झाला, ही नवलाची गोष्ट आहे. तथापि शून्याने भागणे आजचे गणित मान्य करीत नाही, म्हणून ही रीत आपण परीक्षेत वापरू नये.

बीजगणितात त्यांनी चक्रवाल नावाची रीत विशद केली. एखाद्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पूर्ण वर्ग यावा, अशी सर्वांत लहान संख्या शोधा, हा प्रश्न त्यांनी ह्या रीतीने सोडविला. ती संख्या २२,६१,५३,९८० आहे. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्मा ह्या गणितज्ञाने १६५७ साली युरोपातील पंडितांपुढे ठेविला, तेव्हा आचार्यांच्या उत्तरास पाचशे वर्षे होऊन गेली होती. पुढे इ. स. ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी पंचांगाचे गणित सुलभ करणारा करणकुतूहल हा ग्रंथ रचिला.

लीलावती ही त्यांची कन्या, तिच्या लग्नाची घटिका पाण्यातील घटिकापात्रात मोती अडकल्याने टळली आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने ग्रंथ लिहिला, ही कथा आपण घरोघरी ऐकली आहे. ती आढळते अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात. मूळ ग्रंथात लग्नाचा उल्लेख नाही. परंतु अनेक प्रश्न एका बुद्धिमान बालिकेला उद्देशून विचारले आहेत, हे मात्र ग्रंथातच आहे. गणित हा मुलींचा प्रांत नव्हे असे म्हणणाऱ्यांस एवढे उत्तर पुरे.

आचार्यांमागे विद्येचा क्रम तुटला नाही. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर ह्यांस यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. त्यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील राजांनी त्यास उत्पन्न तोडून दिले. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणिला. त्याचा बराच भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील मात्र मराठीत आहे, कारण तो बाजारातील माणसांस कळावयाचा होता. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजास मिळणारा कर मठाला द्यावा, घाण्यांमागे ठरलेले तेल द्यावे, अशी ती व्यवस्था होती. बाजाराच्या हिशेबावर गणिताची शाळा चालावी, हे किती शोभून दिसते! पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, आणि १८१७ साली कोलब्रुक ह्यांच्या इंग्रजी भाषांतराने ती युरोपात पोहोचली.

आपल्या बडोद्यासही ह्या परंपरेचा स्पर्श झालेला आहे. भास्कराचार्यांच्या सुमारे शंभर वर्षे आधी होऊन गेलेल्या श्रीपतींचा गणिततिलक हा ग्रंथ, सिंहतिलकसूरींच्या टीकेसह, १९३७ साली येथील गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. तो चाळला म्हणजे आचार्य कोणत्या खांद्यांवर उभे होते ते कळते. आणि चांगदेवांनी एका मठासाठी जे केले, ते श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून प्रत्येक घरासाठी केले. विद्येला कोणी तरी अन्न घातले, तरच ती पुढच्या पिढीस भेटते.

शेवटी एक सूचना. कंचेभागुबेव हे सूत्र तुम्हांस पाठ आहे. परंतु त्यात बे आधी आणि व मागाहून आहे, म्हणून बेरीज नेहमी आधी असा समज करून घेऊ नका. १० − ४ + ३ ह्याचे उत्तर ३ नव्हे, ९ आहे. बेरीज व वजाबाकी समान मानाच्या असून त्या डावीकडून उजवीकडे कराव्यात, आणि गुणाकार-भागाकारांचेही तसेच. घाई न करता एका ओळीत एकच कृती लिहा. उत्तर आले की व्यस्तविधीने मागे चालून पाहा. निघालात तेथेच परत पोहोचलात, तर वही मिटावयास हरकत नाही.