कबुतराच्या यकृतातला हरकारा

हॉटेलात टेबलावर मिरच्या बुडवलेली व्हिनेगरची वाटी असते. व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेले ॲसेटिक आम्ल. याच आम्लाचा दोन कार्बनांचा तुकडा, ॲसेटिल गट, आपल्या पेशींत अहोरात्र एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर जात असतो. त्यातून चरबी बनते, मज्जातंतूंतील ॲसेटिलकोलीन बनते, काही औषधे निकामी होऊन लघवीवाटे बाहेर पडतात. हे काम करणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, पेशीत हजर असतात. पण एकटी ती स्वस्थ बसून राहतात. त्यांना कामाला लावणारा रेणू फ्रिट्झ लिपमान यांनी शोधला.

लिपमान १८९९ साली कोनिग्झबर्गमध्ये एका ज्यू वकिलाच्या घरी जन्मले. तेव्हाचे हे जर्मन शहर आज रशियात आहे. शिकले वैद्यकी, पण मन रमले रसायनशास्त्रात. १९२६ मध्ये ते बर्लिनला ओटो मायरहोफ यांच्याकडे दाखल झाले. पुढे जर्मनीत वारे फिरले. १९३२ मध्ये पत्नी फ्रेडा यांच्यासह त्यांनी कोपनहेगन गाठले आणि १९३९ मध्ये, युरोप युद्धात लोटला जात असताना, अमेरिका. चाळिशीच्या माणसाने तिसऱ्या देशात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची! १९४१ मध्ये त्यांना जागा मिळाली ती बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात, तीही शस्त्रक्रिया विभागात. चाकू चालवणाऱ्यांच्या शेजारी या गृहस्थांनी परीक्षानळ्या मांडल्या.

त्याच वर्षी एटीपीसारख्या रेणूंतील फॉस्फेटबंध पेशीला ऊर्जा कशी पुरवतात, हे सांगणारा त्यांचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. पण ॲसेटिलचे कोडे सुटेना. जिवाणूंवर काम करताना त्यांना ॲसेटिल फॉस्फेट सापडले होते, आणि प्राण्यांतही हाच पदार्थ ॲसेटिल पुरवत असणार अशी त्यांची अटकळ होती. कबुतराच्या यकृताच्या अर्काने मात्र त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. वर्षानुवर्षे जपलेली कल्पना अशी आपटली की माणूस विषय बदलतो. लिपमान यांनी कबूतर सोडले नाही.

हा अर्क सल्फाच्या औषधाला ॲसेटिल गट जोडत असे, आणि किती जोडला हे रंगावरून मोजता येई. अर्क काही तास तसाच ठेवला की त्याचे काम थांबे. मग ताज्या यकृताचा उकळलेला अर्क त्यात थोडा घालावा, की पुन्हा सुरू! उकळल्यावर विकर मरते. म्हणजे उष्णतेला दाद न देणारा दुसराच कोणी लहान रेणू तिथे होता.

माझी हयात बँकेत गेली. खात्यात पैसे आहेत म्हणून ते दुसऱ्या गावच्या शाखेत आपोआप पोहोचत नाहीत, ड्राफ्ट काढावा लागतो, हे समजावण्यात कित्येक सकाळी खर्ची पडल्या. लिपमान यांना सापडला तो पेशीतला ड्राफ्टच. ॲसेटिलीकरणाचे आद्याक्षर घेऊन त्याला को-एन्झाइम ए हे नाव मिळाले. डुकराच्या यकृतातून तो पुरेशा प्रमाणात हाती आला, आणि १९४७ मध्ये त्यात पँटोथेनिक आम्ल निघाले. म्हणजे ‘ब’ गटातले एक जीवनसत्त्व! ते शरीराला का लागते, याचा उलगडा असा अवचित झाला. मेंदूच्या अर्कात ॲसेटिलकोलीन बनवायलाही हाच रेणू लागतो, हेही दिसून आले.

प्राध्यापकपद मिळाले तेव्हा, १९४९ मध्ये, लिपमान पन्नाशीचे होते. १९५१ मध्ये म्युनिकच्या फिओडोर लिनेन यांनी या रेणूच्या गंधकाच्या टोकाला ॲसेटिल बसते हे दाखवले. १९५३ चे नोबेल लिपमान आणि हान्स क्रेब्स यांना विभागून मिळाले. दोघेही जर्मनीतून बाहेर पडावे लागलेले ज्यू, आणि क्रेब्स यांच्या प्रसिद्ध चक्रात ॲसेटिल शिरते तेही याच रेणूच्या हातून. लिनेन यांना मात्र १९६४ पर्यंत वाट पाहावी लागली.

लिपमान १९८६ मध्ये वारले. आपल्याकडे क्षयरोग्यांना देतात ते आयसोनियाझिड आजही यकृतात बरेचसे ॲसेटिल जोडूनच निकामी होते, कुणाच्या अंगात भराभर, कुणाच्या सावकाश. तो वेग ज्याच्या त्याच्या विकरावर ठरतो. ॲसेटिल आणून देणारा को-एन्झाइम ए सर्वांच्या यकृतात तोच असतो.