लक्ष्मीबाई टिळक

भगिनींनो, आपण भोर-वेल्ह्याच्या बायका ओट्यावर बसून बोलतो, तशा साध्या बोलीत पुस्तक लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंविषयी मी लिहिते आहे. जन्म १८६८, नाशिकजवळ जलालपूरचा. माहेरी कमालीचे सोवळे! १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. काही वर्षांनी त्यांच्याकडे राहायला गेल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. केवळ पतीसाठी त्यांनी धर्म बदलला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. माणसाचा विटाळ मनातून गेला, मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे परक्या मुलांनाही घरात माया मिळाली. टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ बाईंनी पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’त त्या स्वतःच्या फजितीवर खुशाल हसतात.