मूत्रपिंडांवरच्या दोन टोप्या

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींचे शरीरात काम तरी काय, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या निकामी झाल्या तर माणूस जगत नाही, हे प्रथम दाखवून दिले डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी.

न्यूकॅसलजवळच्या लाँग बेंटन गावी एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८१५ मध्ये एडिंबरोची वैद्यकीय पदवी घेऊन ते लंडनला आले आणि गाइज हॉस्पिटलचेच होऊन राहिले. रिचर्ड ब्राइट आणि थॉमस हॉजकिन हे त्यांचे तेथील सहकारी. पुढे तिघांचीही नावे रोगांना मिळाली, हा योग विरळाच! विद्यार्थ्यांवर अ‍ॅडिसन यांचा मोठा दरारा होता. स्वभावाने मात्र ते बुजरे होते; करारी मुद्रा हे त्या बुजरेपणाचे कवच असावे.

खरे तर ते वेगळ्याच कोड्याच्या मागे होते. रक्तस्राव नसताना काही रुग्ण पांढरेफटक पडून का दगावतात, हे शोधताना शवविच्छेदनात त्यांना या ग्रंथी विकृत झालेल्या आढळल्या. कमालीचा थकवा, क्षीण नाडी, पोटाच्या तक्रारी आणि काळवंडत जाणारी कातडी, अशा अकरा रुग्णांच्या हकिकती त्यांनी १८५५ मध्ये पुस्तकरूपाने मांडल्या. त्यातील कित्येकांच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. एडिंबरोतील काही डॉक्टरांनी असा रोगच मानला नाही. पॅरिसच्या ट्रूसो यांनी मात्र त्याला अ‍ॅडिसन यांचे नाव दिले.

या ग्रंथींतून पाझरणारे कॉर्टिसॉल हे ताणाला तोंड देणारे संप्रेरक आज रक्तात मोजता येते. पण तेथेही एक फसगत आहे. त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग प्रथिनांना, मुख्यतः ट्रान्सकॉर्टिनला, चिकटलेला असतो आणि प्रत्यक्ष कामी येतो तो उरलेला मोकळा भाग. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे ट्रान्सकॉर्टिन वाढते, एकूण आकडा फुगतो आणि दुबळ्या ग्रंथीचा अहवालही ठीक दिसू शकतो. म्हणून अशा रुग्णांत हे प्रथिन मोजून मोकळ्या कॉर्टिसॉलचा अंदाज घेतला जातो. अ‍ॅडिसन यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. होते ते डोळे, बोटे आणि शवविच्छेदनाची सुरी.

कॉर्टिसोन हाती येऊन या रोग्यांना जगण्याची हमी मिळायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. या ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनासाठी केंडाल, राइकस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल मिळाले. अ‍ॅडिसन यांना मात्र स्वतःच्या आजाराने गाठले. नैराश्याने ग्रासल्यामुळे १८६० मध्ये त्यांनी रुग्णालय सोडले आणि त्याच वर्षी २९ जून रोजी ब्रायटन येथे जीवनयात्रा संपवली. उत्तर इंग्लंडमधील लॅनरकॉस्टच्या जुन्या मठाच्या आवारात त्यांचे दफन झाले.