भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा: फॅनी बर्नी, तिचा नवरा आणि स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन

३० सप्टेंबर १८११. पॅरिसमधल्या एका घरात दुपारी काळे कपडे घातलेले सात पुरुष आले. काही नावाजलेले डॉक्टर होते, बाकीचे त्यांचे शिष्य. घरातल्या बाईचं वय होतं ५९ आणि तिचा उजवा स्तन काढायचा होता. भूल देण्याची सोय नव्हती. तिचा नवरा त्या वेळी ऑफिसात होता. तो घरी येऊ नये, याची तजवीज तिनेच केली होती.

ही बाई म्हणजे इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी.

कोण होती फॅनी बर्नी?

फॅनीचा जन्म १३ जून १७५२ रोजी इंग्लंडमधल्या किंग्ज लिन गावात झाला. वडील चार्ल्स बर्नी हे संगीताचे इतिहासकार. १७७८ मध्ये तिची ‘इव्हेलिना’ ही कादंबरी लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली आणि गाजली. पुढे १७८६ पासून पाच वर्षं तिने राणी शार्लटच्या पदरी नोकरी केली. तिथे तब्येत ढासळली, म्हणून ती सोडून आली.

फ्रेंच राज्यक्रांतीमुळे पळून इंग्लंडात आलेल्या मंडळींत अलेक्सांद्र दार्ब्ले नावाचा एक लष्करी अधिकारी होता. त्याच्याकडे ना पैसा होता ना घर, त्यात तो कॅथलिक. फॅनीच्या वडिलांना हे स्थळ पसंत नव्हतं आणि ते लग्नाला आलेही नाहीत. तरीही १७९३ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, तिने त्याच्याशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. ‘कॅमिला’ या कादंबरीच्या पैशातून दोघांनी घर बांधलं.

१८०२ मध्ये हे कुटुंब फ्रान्सला गेलं. १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं आणि फॅनी तिथेच अडकली. दार्ब्ले सरकारी खात्यात कारकुनी करू लागला.

दुखणं तिचं, काळजी त्याची

१८१० च्या ऑगस्टमध्ये फॅनीच्या स्तनात बारीक दुखू लागलं. तिने फारसं मनावर घेतलं नाही. ऊब दिली, जपून राहिलं की जाईल, असं तिला वाटत होतं.

दार्ब्लेला मात्र ते पटेना. तिच्या चेहऱ्यावरची वेदना त्याच्या नजरेतून सुटत नव्हती. सर्जनला दाखवूया, म्हणून तो मागे लागला. ती टाळत राहिली. परपुरुषाला स्तन दाखवायचा, ही कल्पनाच त्या काळच्या बाईला नकोशी वाटे. असेच काही महिने निघून गेले.

शेवटी आंत्वान द्युब्वा यांनी तिला तपासलं. हे नेपोलियनच्या बायकोचे डॉक्टर. ते फॅनीशी मोघम बोलले आणि दार्ब्लेशी बाहेर जाऊन बराच वेळ बोलत राहिले. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच, ऑपरेशन करावं लागणार हे तिला कळलं.

पुढचे उपचार डॉमिनिक-जाँ लारे यांनी हाती घेतले. नेपोलियनच्या सैन्याचे हे प्रसिद्ध सर्जन. जखमी सैनिकांना रणांगणातून लवकर हलवण्यासाठी त्यांनी सुरू केलेल्या गाड्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. काही दिवस औषधाने बरं वाटलं, मग दुखणं पुन्हा वाढलं. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, यावर डॉक्टरांचं एकमत झालं.

तयारी कशाची?

आज ऑपरेशनची तारीख आधी ठरते. फॅनीला ती फक्त काही तास आधी कळणार होती. निर्णय झाल्यावर जवळपास तीन आठवडे ती रोज निरोपाची वाट पाहत होती.

निरोपाची चिठ्ठी सकाळी आली, तेव्हा ती अंथरुणातच होती. नवऱ्याला कळू न देता तिने ती वाचली. मग दार्ब्लेच्या खात्यातल्या वरिष्ठांना गुपचूप कळवलं, की काहीतरी तातडीचं काम काढून त्याला बोलवा आणि सगळं उरकेपर्यंत सोडू नका. त्यांनी तसंच केलं.  काही बरंवाईट झालं तर, म्हणून तिने नवऱ्यासाठी आणि मुलासाठी चार ओळी लिहून ठेवल्या.

नवऱ्यावर तिचा विश्वास नव्हता, असं नाही. पण त्याला हे बघवणार नाही आणि त्याचे हाल बघून आपला धीर सुटेल, हे ती जाणून होती.

मग ज्या खोलीत ऑपरेशन होणार होतं, तिथे ती गेली. पट्ट्या, घड्या घातलेली फडकी आणि स्पंजांचा ढीग पाहून तिच्या पोटात गोळा आला. खुर्चीत बसून सगळं होईल, असं तिला वाटलं होतं. द्युब्वांनी जुन्या गाद्या आणि जुनी चादर मागवली.

तोंडावर टाकलेला रुमाल इतका पातळ होता, की त्यातून तिला हत्यार दिसत होतं. फक्त गाठ काढतील अशी तिला आशा होती. मग डॉक्टरांनी हवेतच बोटाने आधी फुली आणि मग गोल काढलेला तिने पाहिला. संपूर्ण स्तन जाणार, हे तिला तिथे कळलं. तिने डोळे मिटून घेतले. तिच्या सांगण्यानुसार हे सगळं सुमारे २० मिनिटं चाललं. सुरी चालत असताना ती सतत किंचाळत होती. ऑपरेशन संपलं तेव्हा लारेंचाही चेहरा पांढरा पडला होता.

भूल कधी आली?

जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्येच वनस्पतींपासून केलेलं औषध देऊन, रुग्णाला बेशुद्ध करून स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन केलं होतं. पण तेव्हा जपानचे दरवाजे जगाला जवळपास बंद होते. बॉस्टनमध्ये ईथरची भूल देऊन केलेलं ऑपरेशन जगासमोर आलं ते १८४६ मध्ये. त्याआधी सर्जनचा हात किती झपझप चालतो, हाच काय तो दिलासा होता. जखमेत जंतू जातात हे माहीत नसल्याने ऑपरेशननंतरही अनेक रुग्ण दगावत.

फॅनी वाचली आणि पुढे २८ वर्षं जगली. ती गाठ खरंच कॅन्सरची होती का, अशी शंका काही अभ्यासक घेतात, कारण गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत तेव्हा नव्हती. १८१२ मध्ये ती इंग्लंडला परतली. दार्ब्ले १८१८ मध्ये बाथ इथे वारला. ६ जानेवारी १८४० रोजी ८७ व्या वर्षी फॅनीने जगाचा निरोप घेतला.

बहिणीला पत्र

ऑपरेशनची हकीकत तिने थोरली बहीण एस्थरला पत्रातून कळवली. ते पत्र पुरं करायला तिला काही महिने लागले. लिहिताना डोकं ठणकायचं आणि लिहिलेलं पुन्हा वाचवत नव्हतं. दार्ब्लेनेही त्यात आपल्या काही ओळी जोडल्या.

आठवणच नको वाटत होती, तर लिहिलं कशासाठी? एक कारण तिने पत्रातच दिलं आहे. बहिणी आणि भाच्यांपैकी कुणालाही असं दुखू लागलं, तर आपल्यासारखी चालढकल त्यांनी करू नये. नवरा पहिल्यापासून हेच सांगत होता.