सलीम अलींची छर्ऱ्याची बंदूक

गळ्यात गलोल अडकवून रानात हिंडणारा एखादा पोरगा तुमच्या पाड्यावर आजही असेल. कदाचित लहानपणी तो तुम्हीच होतात. तसाच एक पोरगा शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईत खेतवाडीत राहायचा. त्याच्याकडे गलोलीऐवजी छर्ऱ्याची बंदूक होती, खेळण्यातली, पण चिमणी पडेल एवढी दमदार.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आई-वडील लवकर गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे पोराला नेमबाजीला पूर्ण मोकळीक. आजूबाजूच्या मुलांच्या स्पर्धा लागायच्या. त्यात इस्कंदर मिर्झा नावाचा एक लांबचा भाऊ भारी नेम धरायचा. तो पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, बोला!

एके दिवशी सलीमनं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? भाजून खाल्ली असती. हा मात्र ती मामांकडे घेऊन गेला. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पक्षी ओळखला, आणि वर कपाटातले खण उघडून जतन केलेले कितीतरी पक्षी दाखवले. पोरगा तिथेच अडकला.

पुढचं सरळ नव्हतं. कॉलेज अर्धवट सोडून ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेले. परत आल्यावर पदवी नाही म्हणून प्राणिशास्त्राची सरकारी नोकरी हुकली. बर्लिनला जाऊन शिकून आले, तर म्युझियममधली जागाच बंद झालेली! मग १९३० साली अलिबागजवळ किहीमला मुक्काम, आणि घराजवळच्या झाडावर सुगरणीची वसाहत. तिथे बंदुकीचं काही काम नव्हतं. महिनोन्महिने नुसतं बसून बघायचं. त्यातून कळलं की खोपा विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते, आणि हे महाशय लगेच दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. आपण मात्र शाळेपासून सगळं श्रेय सुगरणीला देत आलो.

म्हणून बंदूक सुटली, असं नाही हं. त्या काळी चांगल्या दुर्बिणी आणि कॅमेरे कुठे होते? पक्षी नक्की कोणता, हे ठरवायला तो हातात लागायचा. हैदराबादपासून अनेक संस्थानांत त्यांनी पाहण्या केल्या, तेव्हा पक्षी मारूनच नमुने गोळा केले. प्रत्येकाला चिठ्ठी: ठिकाण, तारीख, नर की मादी. पक्ष्यांचा एवढा मोठा कैवारी स्वतः बंदूक चालवायचा, हे बरेच लेख गाळतात. मला ते पटत नाही, कारण त्यांनी स्वतः कधीच लपवलं नाही. १९८५ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचं आत्मचरित्र आलं. नाव ठेवलं ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे चिमणीचं पडणं. दोन वर्षांनी, २० जून १९८७ ला ते गेले.